चिकटणं आणि धरणं

मनीषा,

आज सकाळी प्राजूच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि मी सवयीने तुझा नंबर लावला. फोन बंद असल्याचं ती बाई सांगत राहिली. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत ऐकून घेतलं आणि मग ठेवला.

तू गेलीस त्याला जेमतेम महिना होतोय. तुझ्या तेराव्याची मी यादी केली होती. पत्रावळी, भटजी, किन्हवलीहून येणाऱ्या मंडळींची झोपायची सोय, सगळं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, माझ्या तेराव्याचीसुद्धा?" हो, तुझ्यासुद्धा. काही कमी पडलं नाही. तुझा भाऊ मात्र पंगतीत वाढायचं सोडून मागच्या दारी जाऊन उभा राहिला आणि त्याला तिथून आत कसं आणायचं, हे माझ्या यादीत नव्हतं.

पण मला आज त्याबद्दल बोलायचं नाही. मला भीती वाटते आहे आणि ती कुणाला सांगावी हे कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले. प्राजूच्या पोटात ठेवलेला हा शेवटचा गर्भ. आधीचे दोन राहिले नाहीत. गोठवून ठेवलेल्यांतला एवढाच उरला होता. हा गेला तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून, इंजेक्शनं, सुया, मुरबाड ते कल्याण हेलपाटे, आणि प्राजू मला आधीच म्हणाली आहे, "आई, पुन्हा नाही करणार मी." माझी मुलगी एकदा नाही म्हणाली की नाही म्हणते. हे तिने तुझ्याकडून घेतलंय.

तुला गेल्या उन्हाळ्यातला तो शनिवार आठवतो का? तू कल्याणहून आमच्याकडे शहापूरला आलीस, चप्पल काढता काढता ओट्यावरची बरणी बघितलीस आणि विचारलंस, "एवढी भोकरं कुणासाठी?"

"प्राजूसाठी. सुमनताईंनी पाठवलीत. आमच्याकडून मीठ-हळद लावून परत मुरबाडला जायची आहेत."

"प्राजूला भोकरं कधीपासून आवडायला लागली?"

मग मी सांगितलं. दुसऱ्या वेळी गर्भ आत सोडला तेव्हा दवाखान्यातल्या मुलीने बाहेर येऊन समजावलं होतं की आता तो आतल्या अस्तराला चिकटला पाहिजे. चिकटला की झालं. प्राजूच्या सासूबाईंनी, सुमनताईंनी, तो शब्द घट्ट पकडला. घरी जाऊन डिंकाचे लाडू केले, भर उन्हाळ्यात. रोज भेंडी, तीही बुळबुळीत, तार सुटणारी. आणि भोकरं. लहानपणी आपण पतंगाचा कागद जोडायला भोकराचा गरच वापरायचो, त्याच्याइतकं चिकट रानात दुसरं काय आहे? सुमनताईंचा हिशेब सरळ होता. जे चिकटायला हवं त्याला चिकट खाऊ घाला.

प्राजूने फोनवर मला सांगितलं होतं, "आई, मी आता पाकीट झालेय. तिकीट लावा आणि पोस्टात टाका."

हे ऐकून तू इतकी हसलीस की खाली फरशीवर बसलीस. मलाही हसू आलं. मग तू फरशीवरूनच म्हणालीस, "वहिनी, यात सुमनताईंची चूक नाही. चूक आमची आहे. आम्हीच चिकटतो म्हणतो. लेखात, भाषणात, सगळीकडे. शब्द चुकीचा दिला की माणसं भोकरंच आणणार."

त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते मी आजवर निदान शंभर वेळा मनात घोळवलं असेल. तू प्रयोगशाळेत नेमकं काय करतेस हे इतक्या वर्षांत मी नीट विचारलंच नव्हतं. पेशींचं काहीतरी, एवढं माहीत होतं. गावात कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचे. सुमनताई एकदा तुझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "लगीन नाय केलंस आणि दुसऱ्यांची पोटं बघतेस व्हय गो?" त्यावर तू म्हणालीस, "पोटं नाही बघत, पेशी बघते. पोट फार मोठं असतं, मला दिसतच नाही." त्यांना ते आवडलं होतं. नंतर कितीतरी जणींना त्यांनी ते सांगितलं.

तर तू म्हणालीस की डिंकाला सगळं सारखंच. कागद असो, लाकूड असो, बोट असो, तो चिकटतो. गर्भाचं तसं नसतं. अस्तराच्या पेशींच्या अंगावर बाहेरच्या बाजूने प्रथिनं असतात, अंगावर लव असावी तशी. त्यातली काही लांब, साखरेच्या साखळ्यांनी मढलेली. त्यांचं कामच मुळी कुणाला टेकू न देणं.

"साखर म्हणजे चिकटच की," मी म्हटलं.

"हेच. हे सुमनताईंना सांगू नकोस, नाहीतर पाक करतील. ही साखर चिकट नसते. उलट ती दूर ठेवते. बाकीच्या दिवसांत गर्भ आला तरी तो नुसता घसरून जाईल. मग महिन्यातले थोडेच दिवस असे येतात की अस्तर बदलतं. दुसरी प्रथिनं वर येतात, धरणारी. गर्भाच्या बाहेरच्या पेशींवर त्यांना जुळणारी असतात. आणि तो जिथे टेकतो, तिथली ती लांब प्रथिनं बाजूला होतात, असं दिसतं. आधी नुसता ओझरता स्पर्श होतो, तो लोळत लोळत मंदावतो. मग पक्की पकड. मग आत शिरणं."

माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं असावं. तू म्हणालीस, "किन्हवलीचा नाका आठव."

आणि मग मला सगळं दिसलं. तू कॉलेजात होतीस तेव्हा शहापूरला जायला जीप धरायचीस. जीप थांबायची नाही, नुसती हळू व्हायची. दारात माणसं आडवी लोंबकळलेली, ती कुणाला शिरू द्यायची नाहीत. त्यांनी जरा सरकायला हवं, आतल्या कुणीतरी हात बाहेर काढायला हवा आणि तू पळता पळता तो धरायला हवास. मी किन्हवलीच्या घरात नवी नवरी होते, अंगणातून बघायचे आणि माझा जीव जायचा.

"दोघांपैकी एकाचा हात नसला की जीप गेली," तू म्हणालीस. "त्याला चिकटणं म्हणतात का?"

"नाही. धरणं म्हणतात."

"मग झालं तर."

"आणि ती हळू कुणी करायची? ब्रेक कुणाच्या पायाखाली?"

"प्राजूला दिलेल्या त्या हार्मोनच्या गोळ्या. त्यांनी जीप वेळेवर नाक्याला येते असं समज."

"आणि भाडं?"

"वहिनी, उदाहरण एवढं ताणू नकोस, फाटेल."

मी मग तो प्रश्न विचारला जो मला खरा विचारायचा होता. प्राजूच्या वेळी कुणी हात दिला नाही? तिच्या अस्तराने की गर्भाने? कारण मुरबाडच्या घरात एक वाक्य रुळलं होतं. "हिचं पोट धरत नाय." सुमनताई ते वाईटपणाने बोलत नव्हत्या. विहिरीला पाणी कमी आहे असं सांगावं तसं सांगायच्या, कुणी विचारलं की. जावई नीलेश मान खाली घालून ऐकायचा. आणि प्राजू तिथेच भाकरी थापत असायची.

तू चहाचा कप विसळत होतीस. नळ बंद केलास. म्हणालीस, "माहीत नाही."

"म्हणजे अजून तपासण्या करायला हव्यात का?"

"म्हणजे माहीत नाही. बऱ्याचदा गर्भातच मुळात काही कमी असतं. कधी वेळ चुकते. कधी अस्तराचं काही असतं. पुष्कळदा कळतच नाही. वहिनी, माणसाच्या पोटात हे घडताना कुणी पाहिलेलं नाही. आम्ही ताटलीत वाढवलेल्या पेशींवरून बोलतो, उंदरांवरून बोलतो. आणि गर्भधारणा म्हणतो तेव्हा असं वाटतं की धारण करणारी एकटी बाई. धरणारे दोघे असतात. त्यातल्या एकीलाच बोल लावता येत नाही."

मला ते उत्तर पुरलं नाही. तुला माहीत आहे मी कशी आहे. शाळेच्या कार्यालयात माझं आयुष्य गेलं. काम समोर आलं की त्याचे तुकडे करायचे, कोणता कधी ते लिहायचं, झालं की रेघ मारायची. मी पेन घेऊन आले आणि म्हटलं, "बरं, आता काय करायचं ते सांग. मी लिहून घेते."

"औषधं वेळेवर. बाकी नेहमीसारखं."

"एवढंच?"

"एवढंच."

"जिने?"

"चढू दे."

"मुरबाडचा रस्ता? ते खड्डे?"

"तो खाली पडत नाही गं! भाकरीच्या दोन पापुद्र्यांमध्ये एक तीळ ठेव आणि भाकरी हातात घेऊन उड्या मार. पडतो का बघ."

मी खरंच करून पाहिलं, तू कल्याणला परतल्यावर, दुसऱ्या दिवशी. उड्या नाही मारल्या. भाकरी हलवली. तीळ पडला नाही.

आपलं शेवटचं बोलणं मात्र भांडणात संपलं. भांडण म्हणजे आपल्यातलं, आवाज न वाढवता होणारं. या तिसऱ्या वेळेची तारीख जवळ येत होती आणि मी तुला फोन करून पुन्हा तेच विचारत होते. काही नवीन निघालंय का, एखादी गोळी, एखादी तपासणी. तू म्हणालीस, "काही करण्यासारखं नाही हे लिहायला तुझ्या कागदावर जागाच नसते." मी म्हटलं, "मग तू इतकी वर्षं त्या प्रथिनांच्या मागे आहेस ती कशासाठी? काहीतरी करता यावं म्हणूनच ना?" तू म्हणालीस, "हो. पण ते प्राजूच्या वेळेपर्यंत होईल असं नाही."

मग तू विचारलंस, "जेवलीस का?" मी म्हटलं, "जेवते." तू म्हणालीस, शनिवारी ये म्हणतेस तर येते, मग आपण दोघी मिळून मुरबाडला जाऊ आणि सुमनताईंना मी नीट समजावते.

मी त्या शनिवारसाठी उत्तर तयार ठेवलं होतं. तुला म्हणणार होते की ज्याला करण्यासारखं काही नाही म्हणतेस, तेच करत तुझे केस पांढरे झाले. तेव्हा मला शिकवू नकोस. चांगलं उत्तर होतं. तू हसली असतीस आणि काहीतरी उलटून बोलली असतीस. तो शनिवार आलाच नाही. शुक्रवारी कल्याणहून तुझ्या शेजारणीचा फोन आला.

नंतर सगळे म्हणायला लागले की प्राजूची तारीख पुढे ढकला. घरात मृत्यू झालाय, आत्या गेलीय, एवढ्यात असलं काही नको. ती तारीख तेराव्याला अगदी लागून होती. मी तुझ्यासारखं बोलले, मनीषा. म्हटलं, गोळ्या सुरू झाल्यात, आत अस्तर तयार होतंय, ती वेळ आपल्या सोयीने थांबत नाही. तारीख तीच राहिली. माझ्या तोंडून तुझं वाक्य आलं आणि मला खोलीतून बाहेर जावं लागलं.

आणि मग मुरबाडला मी एकटीच गेले. तुझं काम माझ्यावर आलं होतं आणि मला त्यातलं अर्धंच येत होतं. बस किन्हवलीच्या नाक्यावर थांबली तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघत बसले. सुमनताई पडवीत कैऱ्या चिरत होत्या. मी प्रस्तावना केली नाही.

"सुमनताई, या वेळी तिला भोकरं नकोत. डिंकपण नको."

"का? बाधतं?"

"बाधत नाही. पण त्याचा उपयोग नाही. तो चिकटत नसतो."

"दवाखान्यातली पोरगीच तं बोलली चिकटतो म्हणून. मी माज्या कानांनी ऐकलं."

मग मी सांगितलं. जीप, दारातली माणसं, हात, भाकरीतला तीळसुद्धा. तुझ्याइतकं नीट नाही आलं, प्रथिनांची नावं तर मला येतच नाहीत. पण त्यांनी सुरी खाली ठेवली आणि ऐकलं.

"म्हंजे हात दोगांनी द्यायचा."

"हो."

"मंग आमच्या वक्ताला कोण नाय देलन? सून का पोर?"

हाच प्रश्न. माझ्या स्वयंपाकघरात तू दिलेल्या उत्तराकडे मी हात पुढे केला, कारण दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही."

"तुमची मनीषा येवढी शिकलेली. तिला पण नाय?"

"तिलाही नाही. ती म्हणायची, कुणालाच पक्कं माहीत नाही."

त्या बराच वेळ कैरीच्या फोडी एका बाजूला सारत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मंग मी काय बोलत होते येवढे दिस? जाईन तिथं, पोट धरत नाय, पोट धरत नाय." आणि लगेच आतल्या दिशेने ओरडल्या, "प्राजक्ता! ती भोकराची बरणी नको काढूस गो. राहू दे."

प्राजू दारात आली. "कुठली, आई? फडताळातली की कणगीमागे लपवलेली?"

"लपवली नवती! गारव्याला ठेवलेली."

आम्ही तिघीही हसलो. तू गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले असेन. सुमनताई अगदीच बदलल्या असं समजू नकोस. निघताना मला म्हणाल्याच, "तुमची ती भाकर नि तीळ बरोबर असल. पण मी तिला विहिरीवर पाठवायची नाय." म्हटलं, नका पाठवू. पण त्यानंतर ते वाक्य त्या घरात कुणी बोललं नाही, असं प्राजू सांगते. शेजारीण काही विचारायला आली तर सुमनताई तिला म्हणाल्या म्हणे, "दोगांचा हात लागतो. तुला काय कळतंय त्यातलं."

हे तुला सांगायचं होतं. तुझं सगळं काम मला कधी कळलं नाही, पण त्यातला एवढा तुकडा मुरबाडच्या एका पडवीत पोचला आणि माझी लेक तिथे मान वर करून भाकरी थापते. यासाठी तुझे आभार मानायला हवे होते. आपल्यात ती पद्धत नव्हती.

गर्भ आत सोडल्यापासूनचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. प्राजूच्या औषधांचा तक्ता केला, तो करायला थोडाच वेळ लागला. मग काहीच नाही. पाण्याची टाकी धुतली, माळा आवरला, शाळेच्या जुन्या फायली लावल्या ज्या कुणी मागितल्या नव्हत्या. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. प्राजू म्हणायची कंबर दुखते, तर वाटायचं हे चांगलं की वाईट? नाही दुखली तर वाटायचं, का नाही दुखत? एकदा तिला विचारलंच, "आत काही जाणवतं का?" ती म्हणाली, "आई, आत्याने सांगितलंय ना, पेशी आहेत त्या. पेशी काय ढोल वाजवणार आहेत का?"

आणि आज रिपोर्ट. आकडा शून्य नाही, मनीषा. पण डॉक्टरांना हवा होता तेवढाही नाही. त्या म्हणाल्या, काहीतरी झालंय हे नक्की, पण टिकेल का हे आत्ता सांगता येत नाही. परवा पुन्हा रक्त द्यायचं. आकडा दुपटीकडे सरकायला हवा.

तुझ्यामुळे मला एवढं कळतं की रक्तात गर्भाचं ते हार्मोन आलंय म्हणजे गर्भाने अस्तर धरलं आहे. जो नुसता घसरून जातो तो रक्तात काही पाठवत नाही. आधीच्या दोन वेळा हा आकडा शून्यच होता. म्हणजे या वेळी कुणीतरी हात दिला आणि कुणीतरी तो धरला. मग कमी का? पकड सैल आहे का? उशिरा धरलं म्हणून कमी, की सुटत चाललंय म्हणून कमी? मी डॉक्टरांना विचारलं. त्या चांगल्या आहेत. "परवापर्यंत थांबू या," म्हणाल्या.

दुपारी प्राजूचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "आई, आत्याला कळलं असतं ना, काय ते?"

मला हो म्हणता आलं असतं. त्याने तिला बरं वाटलं असतं. पण तू तिला कधी खोटं सांगितलं नाहीस. म्हटलं, "नाही गं. तिलाही कळलं नसतं."

"मग तिने काय केलं असतं?"

"तुला तसं सांगितलं असतं, आणि तुझ्याजवळ येऊन बसली असती."

ती म्हणाली, "मग तू ये."

तर मी निघते आहे. शाळेत रजेचा अर्ज देऊन आले, पिशवी भरली, तुझ्या भावाचं दोन दिवसांचं जेवण करून ठेवलं. तिथे गेल्यावर करण्यासारखं काही नाही हे मला माहीत आहे. औषधं ती स्वतः घेते, स्वयंपाक सुमनताई करतात. मला फक्त तिच्या शेजारी बसायचं आहे, परवापर्यंत, आणि तिला काही विचारायचं नाही. एवढं अवघड काम मी आजवर अंगावर घेतलेलं नाही. जमेल की नाही, सांगता येत नाही.

आकडा वाढला तर मी धावत जाऊन कुणाला सांगू, मनीषा? आणि नाही वाढला, प्राजूने माझ्याकडे बघून का म्हणून विचारलं, तर "माहीत नाही" हे शब्द तुझ्यासारखे तिच्या डोळ्यांत बघून उच्चारायला मला कोण शिकवणार आहे?